मागून गाणारी

रमण कॅसेटी घेऊन आला तेव्हा भामाबाई गच्चीवर ताकातल्या मिरच्या उलटत होत्या. मे महिन्याचं तंजावूरचं ऊन. सकाळीच फरशीवर पाऊल ठरत नव्हतं. शाळेला सुट्टी होती, आणि सुट्टीत भामाक्का मिरच्या, तांदळाचे वडाम आणि वर्षभराचे रुसवे एकदमच वाळवून डब्यात भरतात, असं शेजारची भुवना म्हणायची. खाली ऑटो थांबली, मग जिन्यावर बूट वाजले. घरात बूट घालून वावरणारा घराण्यात हा पहिलाच, पण मद्रासला राहणाऱ्या भाच्याला किती बोलणार!

"भामा आत्या, डोळे मीट आणि हात पुढें कर."

"मिरचीचे हात आहेत रे. काय तें बोलून टाक."

रमणने पिशवीतून कॅसेट काढली. भामाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि मगच ती घेतली. वर सेतुमाधवरावांचा फोटो होता. पगडी, उपरणं, हातात चिपळ्या. तोच हसरा चेहरा, ज्याच्यासाठी कुंभकोणमपासून लोक बैलगाड्या जोडून कीर्तनाला यायचे. त्यांनी कॅसेट उलटी केली. मृदंगवाल्याचं नाव होतं. पेटीवर तुळजाराम, असं होतं. तंबोरा धरणाऱ्याचंही नाव होतं.

"माझें नांव कोठें रे?"

रमण गच्चीवरून मोठ्या देवळाच्या शिखराकडे बघू लागला. शिखर काही तो आज पहिल्यांदा बघत नव्हता.

ही गोष्ट पंच्याण्णव सालची. तेव्हा देशात जो तो काही ना काही 'लाँच' करत होता. मेलवीथीत, म्हणजे भामाबाईंच्या गल्लीत, घराघरांवरून केबलच्या तारा गेल्या होत्या, कोपऱ्यावरच्या सोड्याच्या दुकानाला नव्या कोलाचा लाल बोर्ड लागला होता, आणि रमणने बँकेतली पक्की नोकरी सोडून एका नव्या कॅसेट कंपनीत उडी घेतली होती. त्याची आई, सेतुमाधवरावांची बायको महालक्ष्मी वारली, तिची ट्रंक उघडली, तर नऊवारी रेशमी लुगड्यांखाली जुनी स्पूल टेप सापडली. एकोणसत्तर साली सेतुमाधवरावांनी मद्रासच्या एका रेकॉर्ड कंपनीला दाखवायला म्हणून भरलेली नमुन्याची टेप. विषय द्रौपदीच्या हाकेचा.

भामाबाईंना त्या टेपचा इंच न् इंच ठाऊक होता, कारण त्या टेपवर त्या होत्या. तंजावूरच्या हरिकथेत मुख्य गाणाऱ्यामागे एक जण उभा असतो. त्याला पिन्पाट्टु म्हणतात, म्हणजे मागून गाणारा. बुवा ओळ टाकतात आणि दम घेतात. त्यांचं शेवटचं अक्षर विरायच्या आत मागच्याने झेलायचं आणि पुढे न्यायचं. अक्षर जमिनीवर पडू द्यायचं नाही, हा पहिला धडा आणि शेवटचाही. भामाबाई परकरात होत्या तेव्हापासून थोरल्या भावाची, सेतुमाधवअण्णांची, अक्षरं झेलत आल्या. बाईने मागे उभं राहून गायचं म्हणून गावात नाकं मुरडली गेली, पण अण्णांनी कुणाची पर्वा केली नाही. टेप भरली त्या दिवशी ते म्हणाले होते, "भामे, प्लेट निघाली कीं वर दोन नांवें. सेतुमाधव आणि भामा."

रेकॉर्डची प्लेट निघाली नाही. मद्रासहून उत्तरच आलं नाही, असं अण्णांनी सांगितलं. मग हळूहळू त्यांनी मागे एक पुरुष गायक घेतला. भामाबाईंनी फिजिक्स शिकवायला सुरुवात केली, लग्न राहून गेलं, अण्णाही गेले. पण कुठेतरी एक टेप आहे आणि तिच्यावर मी आहे, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली. टेप सापडल्याचं कळल्यावर तर त्यांनी साऱ्या वीथीला सांगून ठेवलं होतं, आता ऐका, मग बोला.

"आत्या," रमण अखेर म्हणाला, "टेपवर तुझा आवाज नाहीं."

"खुळा कीं काय? मी गायलें आहे."

"मधें मधें कोरी आहे टेप. आमचा इंजिनिअर म्हणाला, कापली तर ताल तुटेल, म्हणून तशीच ठेवली. लोकांना वाटेल, बुवांनीं मुद्दाम विराम घेतला." त्याने घाम पुसला. "पुढल्या रविवारीं संगीत महालांत फंक्शन आहे. तूं पुढें बस. हें वीथींत वाटायला आणखी ठेवून जातों."

कॅसेटींचा गठ्ठा झोपाळ्यावर ठेवून तो गेला. कॉफीलाही थांबला नाही.

दुपारी वीथी निजली तेव्हा भामाबाईंनी टू-इन-वनमध्ये कॅसेट घातली. तंबोरा लागला. मग अण्णा. अठरा वर्षांनी कानावर आलेला तो आवाज ऐकून त्यांच्या हातातला कॉफीचा टंबलर खाली पडला आणि गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला. पण तो आवाज पुढच्या ओळीवर आला होता:

"ये रे बंधुराया, सभेमधें मी एकटीऽऽ..."

आणि काही नाही.

नुसता आवाज नाही असं नव्हे. तंबोरा नाही, मृदंग नाही, माणसांचा श्वास नाही. फक्त कोऱ्या टेपची सुळसुळ. बाहेर फुलवाली "पूऽऽ, मल्ली पूऽऽ" करत गेली. भामाबाईंना ठसका लागला. मग 'खट्' असा बारीक आवाज झाला, आणि अण्णा पुढचं निरूपण करू लागले, जसं काही घडलंच नाही.

फिजिक्सच्या बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. टेप जुनी होऊन विटते, तेव्हा आवाज खरखरतो, बुडतो, पण असा सुरीने कापल्यासारखा जात नाही. माइक काढून ठेवायचा, रेकॉर्डचं बटण दाबायचं, आणि बरोबर जागेवर सोडायचं, तेव्हाच अशी शांतता तयार होते. आणि जागा? ती झेलायची जागा अक्षरावर ठाऊक असलेली माणसं जगात दोनच होती. एक त्या स्वतः.

त्या संध्याकाळी भामाबाईंनी दिवा लावला नाही. अण्णांच्या फोटोसमोर बसून राहिल्या. चोराने घर लुटलं तर माणूस बोंब मारतो. घरच्यानेच लुटलं तर कुणाच्या नावाने मारायची? त्यांना रडू आलं नाही. संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, की साऱ्या वीथीला सांगून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट पुन्हा लावली. आपली चूक तर झाली नसेल ना, एवढीच आशा. अण्णांची ओळ आली, 'एकटीऽऽ' विरलं, शांतता आली.

त्या शांततेत टंबलर गडगडला.

मग लांबून, "पूऽऽ, मल्ली पूऽऽ." मग एक ठसका. बाईचा, कोरडा. मग खट्.

भामाबाईंनी मशीन बंद केलं. काल चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं असेल, हा पहिला विचार. त्यांनी कॅसेट काढून पाठ बघितली. कंपनीच्या कॅसेटीला मागचे प्लास्टिकचे तुकडे मुळातच नसतात, म्हणजे तिच्यावर काही भरता येत नाही. याही कॅसेटीला नव्हते. शिवाय टंबलर पडला तो शांततेच्या आधी, अण्णा गात असताना. मशीनने ऐकलं असतं तर त्याच जागी ऐकलं असतं. इथे कुणीतरी सगळं गोळा करून त्या रिकाम्या जागेत मांडून ठेवलं होतं.

त्या भुवनाकडे गेल्या. भुवना जिल्हा कोर्टातल्या कारकुनाची बायको, हौशी; तिला कॅसेट आदल्याच दिवशी दिली होती आणि तिने ती चारदा तरी ऐकून संपवली होती.

"लाव पाहूं ती सुरुवात."

भुवनाने लावली. टंबलर, फुलवाली, ठसका, खट्.

"किती सुरेख भरलें आहे, होय कीं नाहीं भामाक्का?" भुवना म्हणाली. "त्या काळींसुद्धां फुलवाली अश्शीच ओरडत असेल. पण खोकतें कोण हो? तुमच्यासारखेंच वाटतें."

भामाबाईंनी घरी येऊन आपली कॅसेट तांदळाच्या डब्यात खोल पुरली आणि वर झाकण घट्ट लावलं. ज्याचा नियम सापडत नाही त्याच्या वाटेला जायचं नाही, असं त्या वर्गातल्या मुलींना सांगत आल्या होत्या.

पण भिंत एकच होती, आणि भुवनाचं मशीन दणदणीत. गुरुवारी सकाळी भामाबाई विहिरीजवळच्या दगडावर लुगडं आपटत होत्या. मन दुसरीकडेच होतं. भिंतीपलीकडून अण्णा आले, "सभेमधें मी एकटीऽऽ" म्हणाले, ते अक्षर लांबलं, बारीक झालं, पडायला आलं. आणि भामाबाईंच्या गळ्याने ते झेललं.

विचार करून नव्हे. पडता पेला हात जसा धरतो, तसं. त्या साकीच्या सगळ्या ओळी त्या गायल्या, ओल्या लुगड्यानिशी उभ्या राहून. आणि पंचावन्न वर्षांच्या, खडूची धूळ खाल्लेल्या गळ्यातून एकोणतिसाव्या वर्षाचा आवाज निघाला. द्रौपदीची हाक निघाली. सूर जिथे न्यायचा तिथे नेऊन त्यांनी सोडला.

पलीकडे मशीनमध्ये अण्णा म्हणाले, "भले!"

हे 'भले' आधी टेपवर नव्हतं.

भामाबाई दगडावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. सुखाने रडल्या, हेही सांगायला हवं. काय आहे, कसं आहे, त्यांना काही कळून घ्यायचं नव्हतं. अण्णाने जागा मोकळी ठेवली होती, ती माझ्यासाठीच, असंच असणार. माणसाला क्षमा करायचीच असली की कारणं आपण होऊन चालत येतात.

डब्यातून कॅसेट निघाली. दुपारी त्यांनी ऐकलं: 'एकटीऽऽ' आणि त्याला लागून, तंबोऱ्यासकट, मृदंगासकट, त्यांचा आवाज. पुढल्या रिकाम्या जागेला त्या तयारच होत्या. ती भरली. तिच्या पुढची भरली. शनिवारपर्यंत दोन्ही बाजू भरल्या, आणि दरवेळी पलीकडून 'भले' आलं.

एकच झालं. शनिवारी पूजेला बसल्यावर नेहमीसारखं गुणगुणायला गेल्या, तर सूर लागला नाही. बोलणं नीट येत होतं. पण गायला तोंड उघडलं की नुसता वारा यायचा, बारीक सुळसुळता. ऊन बाधलं असेल, म्हणून त्यांनी मिरे आणि खडीसाखर तोंडात धरली.

रविवारी सकाळी रमण हजर झाला तो नाचतच.

"आत्या! तूं खरें बोललीस. सगळ्या कॅसेटींवर आला तुझा आवाज! इंजिनिअर म्हणतो, स्पूल गुंडाळून पडली कीं एका थरावरचा आवाज दुसऱ्यावर उठतो, तसें कांहीं असेल."

"तसें उठलें तर कुजबुज उठते रे. गाणें उठत नाहीं."

"असूं दे कीं! दुकानवाले विचारतात, ही बाई कोण? आज जाहीर करूं. पुढल्या प्रिंटवर तुझें नांव." मग त्याने आपली युक्ती सांगितली. टेपच्या शेवटी अण्णा साथीदारांची नावं घेतात. मृदंग झाला, पेटी झाली, मग 'आणि मागून गाणारी' म्हणतात, आणि तिथे टेप अजून कोरी आहे. एवढी एकच जागा भरलेली नाही. "तिथें मी माइक तुझ्यापुढें धरतों. तूं आपलें नांव सांगायचें. लोक उठून उभे राहतील बघ!"

त्या जागेवर भामाबाईंनी कधी तोंड उघडलं नव्हतं. तिथे झेलण्यासारखा सूरच नव्हता.

संगीत महालात माणसं बऱ्यापैकी जमली होती. उंच छताचे पंखे कुरकुरत होते, झरोक्यात पारवे घुमत होते. पहिल्या रांगेत पेटीवाले तुळजाराम बसले होते. पार थकलेले, मांडीवर काठी. भामाबाईंना बघून त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली.

"ये भामे. निघाली बाई एकदांची. मीच गेलों होतों सेतूबरोबर मद्रासला, ही टेप घेऊन."

"आणि उत्तर आलें नाहीं."

"कोण बोलला?" तुळजारामांनी मान वळवली. "समोर बसून ऐकली त्या कंपनीवाल्यानें. सगळी ऐकली आणि एकच विचारलें. मागून गाणारी कोण? तिची एकटीची टेप आणा म्हणाला. तुज सांगितलें नाहीं सेतूनें?"

भामाबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"परतीच्या गाडींत पापनाशम स्टेशन गेल्यावर म्हणाला, टेप बिघडली आहे रे तुळजा, घरीं जाऊन दुरुस्त करायला हवी." म्हाताऱ्याने डोळे मिटले. "मला वाटलें, करील दुरुस्त."

स्टेजवर टेप सुरू झाली होती. "सभेमधें मी एकटीऽऽ" म्हणून अण्णा थांबले आणि भामाबाईंचा आवाज महालाच्या छताला जाऊन लागला. लोकांनी माना डोलावल्या. कुणी "आहा" म्हणालं. भामाबाई मात्र आता वेगळंच ऐकत होत्या. ज्याने हा आवाज पुसला, त्यालाच तो आपण एक एक जागा धरून परत दिला होता. 'भले' ऐकून, खुशीने. आता तो त्याच्याकडे होता आणि आपल्याकडे नव्हता.

पण नाव बाकी होतं. आवाज नेलास अण्णा, ने. नाव मी घेणार. ते माझं आहे, आणि इथे शेकडो कान आहेत.

रमणने खूण केली. भामाबाई पायऱ्या चढून वर गेल्या.

"मृदंगावर," अण्णा स्पीकरमधून म्हणाले, आणि मृदंगवाल्याचं नाव घेतलं. "पेटीवर तुळजाराम." तुळजारामांनी बसल्या जागी हात जोडले. "आणि मागून गाणारीऽ..."

रमणने माइक पुढे केला.

"भामा," भामाबाई म्हणाल्या. मोठ्याने, वर्गात हजेरी घेतात तशा.

खट्.

पंखे फिरत होते, पण कुरकुरत नव्हते. झरोक्यात पारव्याचा गळा फुगत होता आणि घुमत नव्हता. पहिल्या रांगेत कुणाचं तरी मूल तोंड वासून रडत होतं. त्याचाही आवाज नव्हता.

फक्त सुळसुळ.

खट्.

"मंगलम्," अण्णा म्हणाले. पंखे कुरकुरू लागले.

लोक वाट बघत होते. रमण कानाशी वाकला. "आत्या, नांव कां नाहीं सांगितलेंस?"

"सांगितलें कीं."

"भांबावलीस. असूं दे." त्याने माइक आपल्याकडे घेतला आणि हसून म्हणाला, "ह्या माझ्या आत्या..."

खट्.

त्याचे ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

खट्.

"...यांचा हा आवाज!" टाळ्या पडल्या. रमण समाधानाने बघत होता. आपण सांगितलं, असंच त्याला वाटत होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही आपण ऐकलं असंच वाटत होतं.

तुळजाराम टाळ्या वाजवत नव्हते. ते खाली बघत होते.

दुपारी भामाबाई घरी आल्या. गच्चीवर जाऊन मिरच्या उलटायला बसल्या. चांगल्या वाळल्या होत्या. आजच डब्यात भरायला हव्या होत्या. स्वतःशी त्यांनी आपलं नाव एकदा घेऊन बघितलं आणि पुन्हा घेतलं नाही.

भिंतीपलीकडे भुवना कपडे काढायला वर आली. तिने हात हलवला आणि रोजच्यासारखी हाक मारली. तिचे ओठ हलताना दिसले. रस्त्यावरची ऑटो थांबली नव्हती, पण तिचा आवाज थांबला, आणि दोन अक्षरांएवढा वेळ सगळी मेलवीथी सुळसुळली.

"...अक्का," भुवना म्हणाली, "कॉफी झाली कां?"